ऑपरेशन झालं, तरी गाठ परत आली. माझा निर्णय चुकला का?

पत्र थोडक्यात असं आहे:

"ताई, माझं वय ३१. आठ महिन्यांपूर्वी डाव्या गोटीत (वृषणात) कॅन्सर निघाला, जांघेतून ऑपरेशन करून ती काढून टाकली. रिपोर्टमध्ये नॉन-सेमिनोमा (या कॅन्सरचे दोन मुख्य प्रकार, सेमिनोमा आणि नॉन-सेमिनोमा), मिक्स प्रकार, रक्तवाहिन्यांमध्ये शिरलेला नाही असं होतं. सीटी क्लिअर, मार्करपण (या कॅन्सरमुळे रक्तात वाढणारे घटक) नॉर्मलला आले, स्टेज १. डॉक्टरांनी दोन रस्ते सांगितले, एक सायकल केमो घ्या नाहीतर नुसतं लक्ष ठेवू. मी लक्ष ठेवणं निवडलं आणि एकही तपासणी चुकवली नाही. आता त्यातला एएफपी हा मार्कर आधी १४, मग ३८ आणि परवा ७१ आला, सीटीत पोटात मागच्या बाजूला २.२ सेंटीमीटरची एक गाठ दिसतेय, छाती साफ आहे. बीईपी नावाच्या तीन औषधांच्या केमोच्या तीन सायकल सांगितल्यात, पुढच्या सोमवारपासून. भाऊ म्हणतो तेव्हाच केमो घेतली असतीस तर ही वेळ आली नसती. हे चौथ्या स्टेजला गेलंय का? एक नातेवाईक म्हणतात दोन महिने पथ्य आणि त्यांच्या ओळखीतलं औषध घेऊन बघ, गाठ विरघळते, केमो काय नंतरही घेता येईल. लग्नाला दीड वर्ष झालं, मूल नाही. आणि बायकोला त्रास नको म्हणून मी अजून काही सांगितलेलं नाही, तिला वाटतंय रूटीन तपासणी होती. मी काय करू?"

अरे, तुझं पत्र मी दोनदा वाचलं आणि दुसऱ्यांदा वाचताना फक्त आकडे बघितले. १९ वर्षं केमोच्या वॉर्डात सिस्टर म्हणून काढल्यावर ही सवय लागते, समोरचा कितीही घाबरलेला असला तरी आधी हातातला कागद बघायचा. आणि तुझा कागद बघून मला भीती वाटली नाही, हे तुला आधी सांगते. मी डॉक्टर नाही, तुझी ट्रीटमेंट तुझे डॉक्टरच ठरवणार, पण त्यांनी जे सांगितलंय ते बरोबर दिशेचं आहे एवढं नक्की कळतंय, आणि मधल्या ज्या गोष्टी ते दहा मिनिटांच्या ओपीडीत सांगू शकले नसतील त्या मी सांगते.

चौथ्या स्टेजचं आधी. या कॅन्सरला चौथी स्टेज नसतेच. वृषणाच्या कॅन्सरच्या स्टेज तीनच, १, २ आणि ३, आणि तिसरी स्टेजसुद्धा बऱ्याच वेळा पूर्ण बरी होते. पोटातल्या मागच्या गाठीपर्यंतच गेलं असेल तर ते दुसऱ्या स्टेजसारखं धरतात. इंटरनेटवर "परत आलेला कॅन्सर" असं शोधलंस तर जे काही समोर येतं ते वेगळ्याच अवयवांच्या कॅन्सरचं असतं, तिथे परत येणं याचा अर्थ फार वेगळा होतो, आणि ते वाचून माणूस रात्रभर छताकडे बघत बसतो. तू तेच करतोयस असं पत्रावरून वाटलं. बंद कर ते.

आता गाठ तिथेच का आली, हे सांगते, कारण मी बघितलंय की हे कळलं की मुलं जरा शांत होतात. तुझ्यासारखे खूप जण ऑपरेशननंतर रोज जांघ चाचपत बसतात, तिथे काही लागलं नाही की निश्चिंत होतात, आणि मग पोटात गाठ निघाली की वाटतं हे सगळीकडे पसरलं. तसं नाहीये ते. आईच्या पोटात असताना बाळाची वृषणं किडनीच्या जवळ तयार होतात आणि मग हळूहळू खाली उतरतात, आणि उतरताना आपली रक्ताची नळी आणि लिम्फच्या नळ्या वरून सोबत घेऊनच येतात. म्हणून गोटीतल्या पेशी निघाल्या तर त्यांचा पहिला मुक्काम जांघेत नसतो, तो असतो पोटाच्या मागे, कण्यासमोर, मोठ्या रक्तवाहिनीच्या बाजूच्या लिम्फ नोडमध्ये. डाव्या गोटीचा डाव्या किडनीच्या आसपास. म्हणजे तुझी गाठ अगदी ठरलेल्या रस्त्यावरच्या पहिल्या स्टॉपवर आहे, बहुतेक ऑपरेशनच्या आधीच तिथे पोचलेल्या थोड्याशा पेशी होत्या, त्या इतक्या बारीक की तेव्हाच्या सीटीत दिसणं शक्यच नव्हतं आणि मार्करमध्येही उमटल्या नाहीत. ऑपरेशन करणाऱ्याचं काही राहून गेलं असं नाही, आणि तुझंही नाही.

आता भावाचं म्हणणं. यावर मी जरा जास्त बोलणार आहे कारण मला वाटतं तुला गाठीपेक्षा हेच जास्त टोचतंय.

स्टेज १ नॉन-सेमिनोमामध्ये ऑपरेशननंतर नुसतं लक्ष ठेवलं तर सगळे मिळून साधारण १०० पैकी ३० जणांना परत येतो. रक्तवाहिन्यांमध्ये शिरलेला असेल तर जवळपास निम्म्यांना. आणि शिरलेला नसेल, म्हणजे तुझ्यासारखा रिपोर्ट असेल, तर १०० पैकी १५ च्या आसपास. आता तू आठ महिन्यांपूर्वीच्या त्या खोलीत परत जाऊन बस. तुझ्यासारखे सात जण आहेत समोर. सगळ्यांना केमो दिली तर त्यातल्या सहा जणांना ती उगाच दिली गेली, त्यांचा कॅन्सर ऑपरेशननेच संपलेला होता. आणि कोण सहा आणि कोण सातवा हे सांगणारी टेस्ट तेव्हा कुणाकडेच नव्हती. म्हणून लक्ष ठेवणं हा रस्ता काढला गेला, आणि तो काढतानाच हे धरलेलं होतं की काहींना परत येणार, तो आपण लवकर पकडणार, आणि मग पूर्ण ट्रीटमेंट देऊन बरा करणार. परत येणं हे त्या प्लॅनमध्येच बसलेलं आहे. प्लॅन फसला असं तेव्हा म्हणतात जेव्हा माणूस तपासणीला येतच नाही आणि एकदम पोटभर गाठी घेऊन येतो. तू तर एकही तारीख चुकवली नाहीस, म्हणून २.२ सेंटीमीटरला सापडला.

डेन्मार्कमध्ये देशभरातल्या अशा १,२२६ पेशंटची माहिती गोळा केली होती, सगळे स्टेज १ नॉन-सेमिनोमा, ऑपरेशन करून नुसतं लक्ष ठेवलेले. त्यातल्या ३० टक्क्यांच्या थोड्या वर लोकांना परत आला. आणि १५ वर्षांनी या आजाराने न गेलेले किती, तर ९९.१ टक्के. हा आकडा ज्यांना परत आला त्यांना धरून आहे बरं का, त्यांना वगळून नाही. आधीच केमो घेणाऱ्यांचा आकडाही याच्याच आसपास असतो. म्हणजे तू जे निवडलंस त्याने तुझ्या जिवाचा चान्स कमी झाला नाही.

पण भावाच्या बोलण्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मी लपवणार नाही. तेव्हा एक सायकल घेतली असतीस तर परत यायचा धोका २-३ टक्क्यांवर आला असता, आणि आता तुला एकाच्या ऐवजी तीन सायकल घ्याव्या लागणार आहेत. ही किंमत आहे आणि ती खरी आहे, त्याचं वाईट वाटणं साहजिक आहे, वाटू दे. फक्त वाईट वाटणं वेगळं आणि चूक केली असं मानणं वेगळं. भावाला हा परिच्छेद वाचायला दे. तोही घाबरलाय रे, घाबरलेली माणसं कुणाचं तरी चुकलं असं शोधत बसतात कारण मग निदान काहीतरी हातात आल्यासारखं वाटतं. त्याला म्हणावं आता वॉर्डात पहिले पाच दिवस माझ्यासोबत बस, तेवढं कर.

मला एक सांगायचंय, तुझं हे एएफपी तीन वेळा चढत गेलं आणि सोबत सीटीत गाठ आहे, म्हणून शंका राहिली नाही, पण वाचणाऱ्या बाकीच्यांसाठी सांगते, एकदाच मार्कर थोडा वर आला म्हणून लगेच कॅन्सर परत आला असं होत नाही. लिव्हरच्या त्रासाने एएफपी वाढतं, शरीरातलं टेस्टोस्टेरॉन कमी असेल तर बीटा-एचसीजी हा दुसरा मार्कर थोडासा खोटा वर दिसू शकतो, आणि तिसरा, एलडीएच, तर कशानेही वाढतो. म्हणून डॉक्टर परत करायला लावतात, त्यांना माहीत नाही म्हणून नव्हे. आणि सेमिनोमा असेल तर एएफपी वाढतच नाही, त्यात वाढलं तर तो निव्वळ सेमिनोमा नाही असं धरतात. सेमिनोमामध्ये स्टेज १ नंतर परत यायचं प्रमाण कमी, १०० पैकी १५ ते २०, आणि तो जरा उशिरा येतो. नॉन-सेमिनोमाचे बहुतेक पहिल्या दोन वर्षांत, त्यातही पहिल्या वर्षात जास्त. तुझा आठव्या महिन्यात आला म्हणजे वेळही नेहमीचीच. सेमिनोमात गाठ लहान असेल तर रेडिएशनचाही पर्याय असतो, आणि नॉन-सेमिनोमात मार्कर नॉर्मल असून फक्त एखादी लहान गाठ असेल तर पोटातल्या गाठी ऑपरेशनने काढायचा. तुझा मार्कर चढतोय म्हणून केमो. हे तुझ्या डॉक्टरांना विचारून घे, पण "मलाच का केमो, त्याला तर नुसतं ऑपरेशन झालं" या प्रश्नाचं उत्तर साधारण हे असतं.

आता दोन महिने थांबायचं. नाही. इथे मी ताई म्हणून विनंती करत नाहीये, सरळ नाही सांगतेय.

हा कॅन्सर भरभर वाढतो. तुझेच आकडे बघ, १४, ३८, ७१. याच्या पेशी सारख्या विभागत असतात आणि म्हणूनच केमो त्यांना एवढी जोरात लागते, पण त्याच कारणाने थांबलं तर त्या थांबत नाहीत. आज तू ज्या गटात बसतोस, ज्याला डॉक्टर "गुड रिस्क" म्हणतात, म्हणजे छाती-पोटातल्या गाठी सोडून दुसऱ्या अवयवात नाही आणि एएफपी १,००० च्या आत, त्या गटातले नॉन-सेमिनोमाचे ९६ टक्के लोक पाच वर्षांनी जिवंत असतात, आणि हा आकडा अनेक देशांतले हजारो पेशंट एकत्र करून २०२१ मध्ये आलेला आहे. गट बदलला, पुढचा लागला, तर आकडा खाली येतो आणि तीनच्या चार सायकल होतात. म्हणजे दोन महिन्यांनी "नंतर घेता येईल" ती केमो हीच केमो नसेल. आणि अजून एक, अशा औषधांमध्ये काय आहे ते कुणालाच नीट माहीत नसतं, त्यातलं काही किडनीवर किंवा लिव्हरवर आलं तर बीईपीमधलं सिस्प्लॅटिन हे औषध पूर्ण डोसमध्ये देताच येत नाही, आणि या ट्रीटमेंटचा सगळा जोर पूर्ण डोस वेळेवर जाण्यात आहे. नातेवाईकांचा राग धरू नकोस, पण ते औषध केमोसोबतही गुपचूप घेऊ नकोस. पथ्य करायचंच असेल तर सिगारेटचं कर. ओढत असशील तर आजपासून बंद, कारण बीईपीमधलं बी म्हणजे ब्लिओमायसिन फुफ्फुसांवर येऊ शकतं आणि सिगारेट त्यात भर घालते.

या औषधांची गोष्ट मला फार आवडते, मी नवीन मुलींना शिकवताना नेहमी सांगायचे. १९६५ मध्ये अमेरिकेत बार्नेट रोझेनबर्ग नावाचा शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होता, आणि जिवाणू विभागायचेच थांबले. शोधता शोधता कळलं की वीज नाही, विजेसाठी वापरलेल्या प्लॅटिनमच्या पट्ट्यांतून जे पाण्यात उतरत होतं त्याने ते होतंय. त्यातून सिस्प्लॅटिन आलं. १९७४ मध्ये लॉरेन्स आइनहॉर्न या डॉक्टरांनी इंडियाना युनिव्हर्सिटीत ते दोन औषधांसोबत जोडून पसरलेल्या वृषणाच्या कॅन्सरला दिलं. त्याआधी पसरल्यावर दहातला जेमतेम एखादा वाचायचा, आणि ही सगळी तुझ्या वयाची मुलं. काही वर्षांतच हा आकडा उलटला. युवराज सिंगला २०१२ मध्ये केमो झाली ती याच आइनहॉर्न यांच्याकडे. त्याची गाठ छातीत होती, वृषणात नव्हती, पण जात हीच, जर्म सेल, म्हणजे बीजपेशींपासून होणारा कॅन्सर. आणि त्याच वर्षी तो परत भारताकडून खेळला. हे तुला धीर द्यायला सांगत नाही फक्त, हे यासाठी सांगतेय की तुला जे मिळणार आहे ते काही अंदाजपंचे औषध नाही, चाळीस-पन्नास वर्षं घासून पुसून ठरलेली गोष्ट आहे.

आता सोमवारच्या आधी करायच्या कामाकडे येऊ. सगळ्यात तातडीचं काम, शुक्राणू फ्रीज करणं. पत्रात तू "मूल नाही" लिहिलंस पण याबद्दल काही लिहिलं नाहीस म्हणजे बहुतेक कुणी विचारलं नाही आणि तू लाजलास. आज फोन कर. डॉक्टरांना म्हण मला केमोच्या आधी सीमेन फ्रीज करायचंय, चिठ्ठी द्या, आणि लॅबला फोनवरच सांग की सोमवारी केमो आहे, म्हणजे त्यांना घाई कळेल. आधी एचआयव्ही आणि हिपॅटायटिसच्या रक्ताच्या टेस्ट लागतात, त्या आजच देऊन टाक. जमलं तर दोन-तीन दिवसांच्या अंतराने दोन सॅम्पल दे, नाही जमलं तर एक तरी दे. काउंट कमी आला तरी फ्रीज करायला सांग, या आजारात एक गोटी काढायच्या आधीपासूनच बऱ्याच जणांचा काउंट कमी असतो, आणि आजकालच्या पद्धतीत थोडे शुक्राणू असले तरी चालतं. तीन सायकलनंतर बऱ्याच जणांचे शुक्राणू एक-दोन वर्षांत परत येतात, कित्येकांना नंतर आपोआप मुलं झालेली मी स्वतः बघितलीत, पेढ्यांऐवजी बाळालाच घेऊन वॉर्डात दाखवायला येतात. पण "बऱ्याच जणांचे" मध्ये आपण असूच याची गॅरंटी नसते, म्हणून फ्रीज करायचं. केमो चालू असताना आणि संपल्यावरही डॉक्टर सांगतील तोवर, साधारण वर्षभर, मूल राहू द्यायचं नाही, कंडोम वापरायचा.

बाकी विचारायचं ते असं, की सुरू करायच्या आधी फुफ्फुसांची तपासणी, किडनीची रक्त तपासणी आणि कानाची टेस्ट करणार का. कानाची बऱ्याच ठिकाणी राहून जाते, पण सिस्प्लॅटिनने कानात शीळ वाजू शकते, वरचे आवाज कमी ऐकू येऊ शकतात, मग आधीचं कसं होतं याचा रेकॉर्ड असलेला बरा. आणि हेही न घाबरता विचार की या कॅन्सरचे किती पेशंट तुम्ही वर्षाला बघता. हा कॅन्सर तसा कमी दिसतो, रोज बघणाऱ्याच्या हाताखाली झालेलं बरं, दुसरं मत घ्यायचं असेल तर या आठवड्यातच घे, फाईल आणि स्लाइड घेऊन जा, त्यात कुठल्याच चांगल्या डॉक्टरला राग येत नाही.

केमो कशी असते ते सांगते, कारण डोक्यात जे चित्र आहे ते सिनेमातलं आहे. २१ दिवसांची एक सायकल. पहिले पाच दिवस रोज सलाईन, सिस्प्लॅटिन आणि एटोपोसाइड, त्यात निम्मा वेळ नुसतं पाणी चढवण्यात जातो कारण किडनी धुतली जायला हवी, म्हणून आम्ही लघवी किती झाली ते सारखं विचारायचो, कंटाळू नकोस, सांगत जा. ब्लिओमायसिन आठवड्यातून एकदा. त्या संध्याकाळी थंडी वाजून ताप येऊ शकतो, बरेचदा येतो, घाबरायचं नाही पण कळवायचं. उलटीची आता चांगली औषधं आहेत, पण ती उलटी व्हायच्या आधी घ्यायची असतात, "बघू, झाली तर घेऊ" असं करणारे हमखास फसतात. केस दोन-तीन आठवड्यांत जातात आणि परत येतात. बोटांना मुंग्या, कोरडा खोकला, चालताना दम, एकाच पायाला सूज, यातलं काहीही झालं तर पुढच्या तारखेची वाट न बघता फोन. अंगदुखीच्या गोळ्या स्वतःच्या मनाने घेऊ नकोस, त्यातल्या काही किडनीला त्रास देतात.

आणि ताप. दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या आसपास पांढऱ्या पेशी सगळ्यात खाली असतात. त्या दिवसांत ताप १००.४ च्या वर गेला तर रात्रीचे तीन असू देत, गोळी घेऊन झोपायचं नाही, इमर्जन्सीला जायचं आणि दारातच सांगायचं की केमो चालू आहे. या ट्रीटमेंटमध्ये मला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटायची तर याची. आमच्याकडे एक मुलगा होता, तुझ्याच वयाचा, त्याने घरी सांगितलं होतं की ऑफिसच्या कामाने बाहेरगावी चाललोय आणि एकटा खोली घेऊन राहून केमो घेत होता. बाराव्या दिवशी रात्री ताप चढला, तो भ्रमात गेला, फोन कुणाला करायचा तेच त्याला उमगेना, आणि सकाळी झाडायला आलेल्या माणसाने त्याला आणलं. वाचला. पण त्याची आई नंतर माझ्यासमोर बसून एकच वाक्य परत परत म्हणत होती, मला का नाही सांगितलं. १९ वर्षांत मी खूप काही विसरले, ते वाक्य नाही विसरले.

म्हणून आता बायकोचं. तू लिहिलंस की तिला त्रास नको म्हणून नाही सांगितलं. मला पटतंय की तुला तसंच वाटतंय. पण सोमवारी तू पाच दिवस घरातून जाणार, तीन आठवड्यांत केस जाणार, किती दिवस लपणार हे? आणि मुलाचा निर्णय, फ्रीज करायचा निर्णय, तो तिचाही आहे ना, तो तू तिच्या पाठीमागे कसा घेणार? रात्री ताप मोजणारी ती, बॅग भरणारी ती. मला तर वाटतं तिला काहीतरी चाललंय हे कळलेलंच आहे, ती फक्त तू बोलायची वाट बघतेय, कारण पहिल्या ऑपरेशनच्या वेळी ती होतीच ना सोबत. सांगताना फार तयारी करू नकोस. टीव्ही बंद कर, रिपोर्ट हातात घे आणि आधी वाईट बातमी सांग, मग बरी, उलटं नको. म्हणजे, गाठ परत आली आहे, लहान आहे, तीन सायकल केमो आहे, बरा होणारा आहे, आणि मी तुला इतके दिवस सांगितलं नाही कारण मी घाबरलो होतो. हे शेवटचं वगळू नकोस. ती चिडेल कदाचित, रडेल, चिडू दे. पुढच्या व्हिजिटला तिला आत घेऊन जा, तिचे प्रश्न तिला विचारू दे, तुझ्यापेक्षा जास्त चांगले प्रश्न तिच्याकडे असतील.

आणि तू लिहिलं नाहीस पण ओळींच्या मधे दिसलं म्हणून बोलते, एक गोटी गेली, आता केमो, मी पुरुष म्हणून कमी झालो का, हे. एक वृषण साधारणपणे पुरेसं टेस्टोस्टेरॉन तयार करतं. केमोच्या काळात थकव्याने इच्छा कमी होते, ती परत येते. वर्षभरानेही खूप थकवा, इच्छा नाही, मूड पडलेला, असं राहिलं तर टेस्टोस्टेरॉन तपासून घ्यायला सांग, कमी असेल तर त्यावर औषध आहे, लाजायचं काही कारण नाही. उरलेली गोटी महिन्यातून एकदा गरम पाण्याच्या अंघोळीनंतर बोटांनी तपासत जा, दुसऱ्या बाजूला नवीन कॅन्सर व्हायचा धोका थोडासा असतो, १०० पैकी दोन-तीन जणांना, पण लवकर सापडला तर बरा.

केमो सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात एएफपी केलं आणि ते वर गेलेलं दिसलं तर हातपाय गाळू नकोस, पेशी फुटताना मार्कर एकदम रक्तात येतो आणि मग उतरतो. नीट उतरायला लागलं की साधारण पाच ते सात दिवसांत निम्मं होतं. पुढची सायकल तारखेलाच घ्यायची, लग्न-समारंभ, ऑफिस, काहीही असो, "रक्ताचा काउंट जरा कमी आहे, पुढच्या आठवड्यात घेऊ का" असं स्वतःहून सुचवायचं नाही, ते डॉक्टरांना ठरवू दे.

तिसरी सायकल झाल्यावर परत सीटी होईल. गाठ पूर्ण गेली नाही, एक सेंटीमीटरच्या वर काही राहिलं, तर पोटातून ती काढायचं ऑपरेशन सांगतील, आणि तेव्हा तुला परत वाटेल की केमो फेल गेली. तसं नसतं. उरलेल्या गाठीत बरेचदा नुसत्या मेलेल्या पेशी असतात, किंवा टेराटोमा नावाचा भाग असतो जो केमोला ऐकतच नाही आणि म्हणून काढावा लागतो, नाहीतर पुढे वाढतो. जिवंत कॅन्सर फार थोड्यांमध्ये सापडतो. ते ऑपरेशन मोठं असतं, त्यात वीर्य बाहेर येण्याच्या नसा वाचवाव्या लागतात, म्हणून तेही ज्याचा रोजचा हात आहे अशा सर्जनकडेच करायचं. लागेलच असं नाही, पण लागलं तर पायाखालची जमीन सरकू नये म्हणून आत्ताच कानावर घातलं. आणि आयुष्यभर लक्षात ठेव, पुढे कधीही कुठलंही ऑपरेशन असेल, दाताचं भूल देऊन असेल तरी, भूल देणाऱ्या डॉक्टरांना सांगायचं की मी ब्लिओमायसिन घेतलंय. फोनमध्ये लिहून ठेव, तिच्याही फोनमध्ये.

तर आज लॅब आणि चिठ्ठी, आज रात्री बायको, उद्या भाऊ. नातेवाईकांना तूच उत्तर द्यायची गरज नाही, ते भावाला करू दे, त्यालाही काहीतरी काम हवंय. दुसऱ्या सायकलच्या आधीचं एएफपी किती आलं ते मला लिहून पाठव, मी वाट बघतेय.